भर पौषात कूलर

कूलर मागवला आहे, असे आम्ही घरात जाहीर केले तेव्हा पौष महिना चालू होता. २०२४ सालच्या जानेवारीची अखेर ती. गल्लीतले लोखंडी पत्र्याचे कूलर पोत्यांत गुंडाळून गच्च्यांवर गेले होते, त्यांच्या गवताच्या जाळ्यांना होळीपर्यंत कोणी हात लावणार नव्हते, आणि ज्या दिवशी नळाला पाणी येई त्या पहाटे ते हाताला चावत असे. शेजारच्या काकूंनी ‘एवढ्या लवकर?’ असे विचारले. मग, स्वस्तात मिळाला असेल, असा व्यवहारी निष्कर्ष त्यांचा त्यांनीच काढला. चार दिवसांनी कुरिअरवाल्याने चपलांच्या खोक्याएवढे एक पुडके आणून दिले तेव्हा त्यांची घोर निराशा झाली. जालन्यात कूलर म्हटले की माणसाच्या छातीइतका उंच, बादल्याच्या बादल्या पाणी पिणारा आणि रात्रभर घोंघावणारा एक प्राणी डोळ्यांपुढे उभा राहतो. संगणकाच्या प्रोसेसरलाही कूलर लागतो, आणि तो कमी आवाजाचा मिळावा म्हणून एखादा गृहस्थ तीन आठवडे झोपेचे खोबरे करून घेतो, ही गोष्ट समजावून सांगणे कठीण. आम्ही ती येथे सांगून पाहतो.

आमचे घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत एका भिंतीशी अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, खाट आणि समोरच्या भिंतीशी आमचे टेबल. टेबलाखाली संगणक. दिवसा आम्ही नोकरी करतो. रात्री जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पानांवरची अक्षरे ओळखण्याचे काम त्या संगणकाला लावून देतो. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली, पाने तपकिरी होऊन कडांचे तुकडे पडू लागलेली ही पुस्तके तालुक्याच्या गावच्या एका वाचनालयाने आम्हांला विश्वासाने दिली आहेत. टेसरॅक्ट नावाची मुक्त आज्ञावली मराठी वाचते. पण जुन्या छपाईतले तुटके रफार आणि शाई फुटून एकजीव झालेली जोडाक्षरे तिला एका दमात उमगत नाहीत. तेच पान निरनिराळ्या रीतींनी साफ करून तीन-चार वेळा तिच्यापुढे ठेवावे लागते. असे करता करता रात्रीत चार-पाच पुस्तके हातावेगळी होतात, आणि या सबंध वेळात प्रोसेसरचे आठही कोअर औताला जुंपलेले असतात.

हा प्रोसेसर रायझन ७ २७००. तो २०१८ साली बाजारात आला. आम्ही तो पुढच्या वर्षी, भाव उतरल्यावर घेतला. उत्पादकाने त्याचा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ ठेवला आहे आणि तो वाढवण्याची मुभाही दिली आहे. ही मुभा म्हणजे आमच्यासारख्यांच्या हाती दिलेले कोलीतच. आमच्या पिढीला हे व्यसन लागले ते १९९८ च्या सुमारास. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर, त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला की ४५० वर धावतो, ही वार्ता तेव्हा वसतिगृहांतून एखाद्या सिद्धीसारखी कुजबुजली जात असे. फुकट मिळालेल्या त्या दीडशे मेगाहर्ट्झची चव ज्याने घेतली तो पुढे कधीही मूळ वेगावर समाधानी राहिला नाही. आम्हीही आमचा रायझन ४ गिगाहर्ट्झवर नेऊन ठेवला होता, आणि तेथे तो स्थिर राहावा म्हणून त्याला १.३५ व्होल्ट देत होतो.

फुकट काही नसते, हे विजेच्या बाबतीत तर गणितानेच दाखवता येते. प्रोसेसर जी उष्णता टाकतो ती वेगाच्या प्रमाणात वाढते. पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वेगाची शेवटची पायरी चढण्यासाठी व्होल्ट वाढवले की दोन्ही वाढी एकमेकींना गुणतात. सोबत आलेल्या कूलरचा पंखा बेताच्या आकाराचा. एवढी धग उपसायची तर त्याला भराभरा फिरणे भाग. रात्री अकरानंतर गल्ली निवली की टेबलाखालून एक बारीक, धार लावल्यासारखी शीळ आणि तिच्याखाली वाऱ्याचा घोष असा दुहेरी आवाज खोलीभर पसरे. अण्णांची झोप त्याने मोडते, अशी आमची खात्री होती. त्यांनी तसे कधी म्हटले नव्हते. पण म्हातारी माणसे तक्रार करत नाहीत, असे आपले आपण ठरवून अपराधी वाटून घेण्याची खोड आम्हांला जुनीच आहे.

येथे अण्णांविषयी थोडे सांगायला हवे. जालना बियाण्यांसाठी जसे प्रसिद्ध तसे पोलादासाठीही. घर बांधायला लागणाऱ्या सळईचे मोठे उत्पादन येथल्या औद्योगिक वसाहतीत होते. अशाच एका रोलिंग मिलमध्ये अण्णांनी सत्तावीस वर्षे काढली. लालबुंद लोखंड रुळांच्या एका जोडीतून बाहेर पडले की लांब सांडशीने त्याचे तोंड पकडून पुढच्या जोडीत घालायचे, हे त्यांचे काम. समोर भट्टी, डोक्यावर पत्रे, आणि कानात कापसाचा बोळा, तोही आठवण राहिली तर. आज त्यांना गडगडाट ऐकू येतो, दार आपटलेले ऐकू येते. नात ‘आजोबा, चहा’ म्हणाली तर काहीतरी म्हणाली एवढेच कळते. कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख आम्ही पाहिला आहे. खालच्या पट्टीत रेघ बरी चालते आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडावी तशी कोसळते. कारखान्याच्या गोंगाटाने गेलेल्या कानांची ही ओळखीची खूण. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या त्या पुन्हा उगवत नाहीत.

हा आलेख आमच्या कपाटात होता आणि तरीही अण्णांची झोप ती बारीक शीळ मोडते असे आम्ही मानत होतो! जी पट्टी त्यांच्या कानांतून पुसली गेली तिच्यातला आवाज त्यांना त्रास कसा देईल, हा साधा प्रश्न आम्हांला पडला नाही. असो. मनुष्याला खरेदी करायचीच असते तेव्हा अशा शंका येत नाहीत.

खरेदीच्या आधी अभ्यास. हवेवर चालणाऱ्या कूलरची एक मर्यादा कोणताही पैसा ओलांडू शकत नाही: खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. म्हणून त्याची खरी परीक्षा, हवेच्या वर तो प्रोसेसरला किती अंशांवर रोखतो, एवढीच. युरोपातले परीक्षक वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून साठ-पासष्ट अंशांचा आकडा देतात. तो वाचून हुरळून जाण्यापूर्वी जालनेकराने त्यात एप्रिल-मेची भर घालावी. आमच्या घरातला पत्र्याचा कूलर हवेला खाली आणू शकतो, कारण तो पाणी उडवून देतो आणि उडणारे पाणी आपल्याबरोबर उष्णता नेते. कोरड्या वैशाखात ही युक्ती नामी चालते. प्रोसेसरचा कूलर बिचारा मिळेल त्या हवेवर भागवतो.

बंद नळ्यांतून पाणी खेळवणारे कूलरही मिळतात, आणि वेग वाढवणाऱ्यांत त्यांचा मोठा बोलबाला आहे. आम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्यांतला पंप आपला वेगळा सूर धरतो आणि एखाद्या दिवशी तो बंद पडला तर प्रोसेसरकडे दुसरा आधार राहत नाही, ही सांगायची कारणे. न सांगायचे कारण असे की २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या माणसाला पाण्यावर विसंबणारे यंत्र घरात नको वाटते. त्या नळ्यांतले पाणी पुन्हा भरावे लागत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण ज्या गावाने घाणेवाडीचा तलाव आटताना आणि पैठणहून नळ येण्याची वाट पाहताना वर्षे काढली, तेथे पाण्याच्या बाबतीत बुद्धीपेक्षा स्मृती बलवत्तर ठरते.

गंमत अशी की आम्ही जो ‘हवेचा’ कूलर घेतला त्याच्याही पोटात पाणीच निघाले. तांब्याच्या ज्या नळ्या प्रोसेसरवरून निघून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या चळतीत शिरतात त्या भरीव नसतात. हवा काढून घेतलेल्या त्या पोकळीत थोडेसे पाणी असते. दाब नावालाच असल्याने ते शंभर अंशांची वाट पाहत नाही. गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला जाऊन उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि आतल्या भिंतीवरच्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, माघारी येते. या कल्पनेचे एकस्व अमेरिकेत १९४० च्या दशकातच घेतले गेले होते. पण ती विस्मृतीत गेली, आणि १९६३ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तिला पुन्हा जन्म आणि ‘हीट पाइप’ हे नाव दिले. माठातून झिरपलेले पाणी गेले ते गेले. या नळीतले चमचाभराहूनही कमी पाणी वर्षानुवर्षे तेच फिरत राहते. पाणी जपून वापरण्याची याहून चोख रीत आम्ही आमच्या जिल्ह्यात पाहिलेली नाही.

आता निवड. शांत कूलरांच्या जगात नॉक्टुआ या ऑस्ट्रियन नावाचा दरारा आहे. शब्द लॅटिन, अर्थ घुबड. त्यांच्या चिन्हावरही घुबडच बसलेले असते, कारण हा पक्षी पंखांचा आवाज न करता उडतो अशी त्याची ख्याती. प्राणिशास्त्रात ‘नॉक्टुआ’ हे नाव ज्या छोट्या घुबडाला आहे त्याचा सख्खा भाऊबंद म्हणजे आपला पिंगळा. आमच्या मागल्या कडुनिंबावर पिंगळ्यांचे एक जोडपे राहते आणि संध्याकाळी ते जो कलकलाट करते तो ऐकला असता ऑस्ट्रियातल्या मंडळींनी या कुळाचे नाव शांततेसाठी घेण्यापूर्वी दोनदा विचार केला असता. त्यांचा एनएच-डी१५ हा २०१४ सालचा दोन मनोऱ्यांचा कूलर आजही नाणावलेला आहे. पंख्यांसह वजन सव्वा किलोहून अधिक, उंची १६५ मिलिमीटर. आम्ही शाळेची पट्टी घेऊन कॅबिनेटचे दार मोजले. जागा १६० ची. पाच मिलिमीटरने आमचे काही हजार रुपये वाचवले, याबद्दल आम्ही त्या कॅबिनेटचे ऋणी आहोत.

मग थर्मलराइटचा पीअरलेस अ‍ॅसॅसिन १२० एसई घेतला. (शांततेसाठी घ्यायच्या वस्तूला मारेकऱ्याचे नाव का द्यावे, ते देणारे जाणोत.) सहा नळ्या, दोन मनोरे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे, उंची १५५, किंमत घुबडाच्या निम्म्याहून कमी. निवडीमागचे तत्त्व सोपे आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. म्हणजे कानाला तो निम्म्याहूनही खाली गेल्यासारखा वाटतो. तेव्हा पत्र्यांचा विस्तार मोठा घ्यावा आणि पंखे मोठे घेऊन संथ फिरवावेत. खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये. तो रिकाम्या, शांत कोठडीत एकट्या पंख्याचा असतो. तोच पंखा पत्र्यांच्या चळतीला आणि कॅबिनेटच्या जाळीला टेकला की वेगळे बोलू लागतो.

जुना कूलर काढला तेव्हा त्याच्या खाचांत कापसाच्या तंतूंची आणि काळ्या मातीच्या धुळीची गादी तयार झालेली होती. उशीत भरता आली असती. अण्णा खाटेवरून हे सगळे पाहत होते. त्यांच्या अनुभवात सळई पाण्याने विझते: लाल सळईवर पाण्याचा मारा झाला की वरचे कवच कडक होते आणि आतला गाभा मऊ राहतो, यातच तिची ताकद. नुसत्या पंख्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, “वाऱ्यानं काय होतंय?” मग वाकून टेबलाखाली पाहिले. “अन् गरम हवा जाती कुठून?” आम्ही तीन आठवडे नळ्या मोजत होतो, टेबलाची पाठ फळीने बंद आहे आणि गरम वारा तिला आपटून परत आत येतो, हे त्यांनी एका नजरेत हेरले. मिलमध्ये भट्टीइतकीच काळजी छपराच्या धुराड्याची घ्यावी लागते, असे ते म्हणाले. आम्ही ती फळी काढली. तापमान सहा अंशांनी उतरले, आणि यासाठी एक पैही लागली नाही.

त्या रात्री काम लावले. जुन्या कूलरवर प्रोसेसर ८७ अंशांवर जाऊन बसे. आता पंखे मिनिटाला सातशे फेऱ्यांवर असतानाही काटा ६८ च्या वर गेला नाही. आवाज म्हणाल तर नव्हताच. आम्ही खाली वाकून पंखे फिरत असल्याची खात्री करून घेतली, दिवा मालवला आणि विजयी मुद्रेने अंथरुणावर पडलो.

दीडच्या सुमारास जाग आली तेव्हा अण्णा खाटेवर बसलेले होते.

“बंद पडलं काय रे ते?”

“नाही अण्णा, चालू आहे. आता आवाज येत नाही त्याचा.”

“हां.” थोडा वेळ ते गप्प राहिले. “रातकिडे लई ओरडायलेत आज.”

जानेवारीची रात्र. बाहेर पानही हलत नव्हते. आम्ही कान देऊन ऐकले. रातकिडा एकही नव्हता. असता तरी अण्णांना ऐकू आला नसता, कारण रातकिड्यांची किरकिर नेमकी त्या विहिरीतली, चार-पाच हजार हर्ट्झची. दुसऱ्या रात्री तेच झाले, तिसऱ्या रात्रीही. चौथ्या दिवशी आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले.

याला कर्णनाद म्हणतात. कानाकडून जी पट्टी येणे बंद झाले तिची पोकळी मेंदू आपल्या परीने भरून काढतो, असा त्याचा एक उलगडा सांगतात. दिवसाच्या गलबल्यात तो झाकून जातो. रात्री, सारे शांत झाले की, वर येतो. अण्णांना तो मिल सोडल्यापासूनच होता. रात्री रातकिडे ओरडतात आणि ते सगळ्यांनाच ऐकू येतात, अशी त्यांची समजूत असल्यामुळे त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर तो झाकून टाकी, आणि गेली चार-पाच वर्षे हिवाळ्यात आमचा संगणक. शिळेखालचा तो वाऱ्याचा घोष खालच्या पट्टीतला असल्याने त्यांना ऐकू येत होता. पूर्ण शांततेत झोपवू नका, काहीतरी मंद आवाज चालू ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही खिशात पावती घेऊन ते ऐकत होतो.

त्या संध्याकाळी अण्णांना खाटेवर बसवून आम्ही पंख्यांचा वेग वाढवू लागलो. आठशेला त्यांनी मान हलवली नाही. नऊशे. हजार. “अजून जरासं.” अकराशेला त्यांचा हात वर झाला. “बस. आता हलवू नकोस.” ज्या कानांना नातीचे शब्द कळत नाहीत त्यांनी पंख्याची ही पन्नासभर फेऱ्यांची चढउतार अचूक पकडावी, याचे आम्हांला नवल वाटले, पण ज्या माणसाने सत्तावीस वर्षे रुळांच्या आवाजावरून लोखंड अडकणार की नाही हे ओळखून बोटे शाबूत ठेवली त्याला नवल वाटले नाही. आवाज मोठा चालेल, बदलता चालणार नाही, अशी त्यांची दुसरी अट. मध्येच वाढला की काहीतरी बिघडले असे वाटून जाग येते.

ही अट वाटते तितकी सोपी नाही. संगणकाचा पंखा उष्णतेबरोबर वेग बदलतो, तेच त्याचे काम. तो अकराशेवर खिळवून ठेवायचा तर एप्रिलच्या रात्री, खोली छत्तीस-अडतीस अंशांवर असतानाही, प्रोसेसरने तेवढ्या वाऱ्यात भागवले पाहिजे. ४ गिगाहर्ट्झवर ते ऐंशीपार जात होते. जळले नसते, पण रात्रभर तसे ठेवायला मन घेईना. आणि जे आम्ही पंचवीस वर्षांत स्वखुशीने कधी केले नव्हते ते केले: वेग उतरवला. ३.७ गिगाहर्ट्झ, १.१५ व्होल्ट. वेग साडेसात टक्क्यांनी कमी झाला, आणि त्याच गणिताने उष्णता सुमारे एकतृतीयांशाने घटली. रात्रीची चार-पाच पुस्तके अजूनही चार-पाचच होतात. त्या तीनशे मेगाहर्ट्झसाठी आम्ही एवढी वर्षे कोणता पराक्रम चालवला होता, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. मूळ वेगापर्यंत मात्र अजूनही उतरलो नाही, हे कबूल करतो.

होळीनंतर गच्चीवरचा कूलर खाली आला, गवत बदलले, आणि मेअखेरपर्यंत त्याच्या घोंघावण्यात आमच्या पंख्यांचे अकराशे फेरे बुडून गेले. काकूंनी तेव्हा, ‘हा खरा कूलर’ असे म्हणून एकदाचा निकाल दिला. पावसाळा लागल्यावर हवेत ओल आली, पत्र्याचा कूलर निकामी झाला आणि पुन्हा टेबलाखालच्या पंख्यांची पाळी आली. जूनअखेरच्या एका रात्री जोराचा पाऊस होऊन वीज गेली. छताचा पंखा इन्व्हर्टरवर आहे, संगणक नाही. अर्धवट वाचलेले पुस्तक तसेच राहिले. अंधारात अण्णा कुशीवर वळल्याची चाहूल लागली.

“रातकिडे आले बघ,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “तुला येतात का रे ऐकू?”

खिडकीबाहेर, ओल्या कडुनिंबाखाली, किरकिर खरोखरच चालू होती.

“हो अण्णा,” आम्ही मोठ्याने सांगितले, “येतात.”